निदानाचे भय

आपल्या घरांतून काही शब्द हलक्या आवाजात उच्चारण्याची जुनी चाल आहे. एके काळी क्षय हा शब्द असा होता. घरात क्षयाचा रुग्ण आहे एवढे बाहेर कळले की त्या घरातील उपवर मुलींच्या पत्रिका परत येत असत, आणि म्हणून रुग्णास माडीवरच्या खोलीत ठेवून 'त्यास येथील हवा मानवत नाही' असे सांगितले जाई. पुढे औषधे निघाली आणि त्या शब्दातील भय बरेचसे ओसरले. सांप्रत ते स्थान स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन-अक्षमता अशा शब्दांना प्राप्त झाले आहे. हे संसर्गाचे रोग नव्हेत. परंतु ते लपविण्याची रीत मात्र जुन्या रोगांचीच आहे. प्रस्तुत लेखात याच विषयाचा विचार करावयाचा आहे, आणि त्यास निमित्त झाला तो आमच्या कळंबोलीतील एका कुटुंबात पडलेला पेच.

कुटुंब सुशिक्षित व सुस्वभावी आहे. आजोबा, आजी, दोन मुलगे, दोन सुना, एक उपवर मुलगी आणि तीन नातवंडे असा परिवार. धाकट्या मुलाचा मुलगा साडेतीन वर्षांचा झाला आहे. नावाने हाक मारली तर तो वळून पाहत नाही. दूध हवे असल्यास बोट दाखवीत नाही. आईचा हात धरून तो भांड्यापर्यंत नेऊन ठेवतो. वाट्यांची रांग लावण्यात तासच्या तास घालवितो आणि कोणी एक वाटी हलविली की आकांत करतो. लोखंडाच्या बाजाराकडे जाणाऱ्या मालमोटारींचे भोंगे ऐकू आले की दोन्ही कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरतो. बालवैद्यांनी तपासणी करून घेण्यास सुचविले आहे. सूनबाईंची तयारी आहे. सासूबाई म्हणतात, "याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता?" आणि आजोबांचे म्हणणे असे की मार्गशीर्षात मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, तोवर घरात हे नाव निघू नये. त्यांनी मला विचारले, "मास्तर, सहा-आठ महिने थांबल्याने असे काय बिघडणार आहे?"

थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी वैद्य नव्हे. तथापि शाळेत आयुष्य गेलेले असल्यामुळे मुलांचे नमुने पाहिलेले आहेत, आणि या विषयावर जे वाचनात आले त्याचा विचारही केला आहे. माझ्या मताची कारणे क्रमाने सांगतो.

पहिले कारण काळाचे आहे. पहिल्या चार-पाच वर्षांत मुलाचा मेंदू जितक्या वेगाने घडतो तितका पुढे कधीच घडत नाही. बोलणे, खेळणे, दुसऱ्याच्या नजरेस नजर देऊन काही मागणे या गोष्टी ज्या मुलास आपोआप येत नाहीत, त्यास त्या हळूहळू शिकवाव्या लागतात आणि त्या लहानपणी शिकविणे सोपे जाते. म्हणून वैद्यांनी काही खुणा ठरविल्या आहेत. वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, टाटा करणे किंवा बोट दाखविणे अशा हातवाऱ्यांचा त्याच्या ठायी मागमूस नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, अथवा आलेले शब्द पुन्हा गेले असतील, तर तपासणी करावी असे ते सांगतात. तपासणीत प्रथम कान नीट ऐकतात की नाही हे पाहतात. कित्येकदा अडचण तेथेच सापडते. काही मुले नुसतीच उशिरा बोलतात आणि पुढे सुरळीत होतात, हे सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्यांतले हे मूल कोणते, हे आठवणीवरून ठरविता येत नाही. तपासणीअंती काहीच निघाले नाही तर आनंदच आहे. निघाले आणि वर्ष वाया गेले, तर ते वर्ष परत मिळत नाही.

दुसरे कारण दोषाचे आहे. निदान झाले नाही म्हणजे घरात दोष देणे थांबते असे नाही. उलट ते वाढते. आई नोकरी करते म्हणून, मोबाइल हातात दिला म्हणून, डोहाळे नीट पुरविले नाहीत म्हणून, फाजील लाड केले म्हणून, अशी कारणे निघत राहतात आणि ती सर्व फिरून एकाच व्यक्तीवर येऊन पडतात. हा अन्याय आपल्याच घरी होतो असे मात्र समजू नये. मोठमोठ्या पंडितांनीही तो केला आहे. मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या विदुषीने १९२५ च्या सुमारास अशा मुलांची सूक्ष्म वर्णने लिहिली. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि पुढल्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी आपली निरीक्षणे मांडली. इतके झाल्यावरही आई मायाळू नसल्यामुळे मूल असे होते हे मत पश्चिमेकडे कित्येक वर्षे प्रचलित होते, आणि ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून त्याचा पुरस्कार केला. त्यापूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने त्या मताचे खंडन केले होते. ते स्वतः अशा एका मुलाचे वडील होते. पुढे १९७७ साली सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. ही गोष्ट बहुतांशी जन्मतःच आणि पुष्कळदा वंशातून येते, हे तेव्हापासून उत्तरोत्तर अधिक दृढ होत गेले आहे. 'याचा बापही उशिरा बोलला' हे सासूबाईंचे वाक्य म्हणून वैद्यास अवश्य सांगावे. ते तपासणी टाळण्याचे कारण नसून तपासणीस उपयोगी पडणारी माहिती आहे. घरातील सुनेस याहून मोठा दिलासा दुसरा कोणता मिळणार?

चंचल मुलांचीही तीच कथा आहे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालवैद्याने ४३ मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या ठायी नैतिक संयमाची उणीव आहे अशी भाषा त्यास वापरावी लागली. आज त्यांतील पुष्कळांस अवधानाच्या अस्थिरतेचे नाव मिळाले असते. नीतीची उणीव आणि अवधानाची उणीव यांत अंतर केवढे! पहिलीवर छडी हाच उपाय सुचतो. दुसरीवर पहिल्या बाकावर बसविणे, काम लहान लहान तुकड्यांत देणे आणि आवश्यक तेथे औषध, असे उपाय सुचतात.

आता तिसरा आणि सर्वांत नाजूक मुद्दा, तो म्हणजे नावाचा. नाव चिकटले की मूल त्या नावाचेच होऊन बसेल, ही आजोबांची भीती अगदीच निराधार नाही. या बाबतीत चरकाचार्यांनी केलेला विचार मला मार्गदर्शक वाटतो. सूत्रस्थानात ते म्हणतात की एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांना ठाम नावे नसतात. त्याचे कारण, स्थान व स्वरूप जाणून उपचार करावा हे महत्त्वाचे. म्हणजे नाव हे साधन आहे, साध्य नव्हे. साधने बदलतातही. ॲस्पर्गर यांच्या नावाने ओळखले जाणारे निदान अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या २०१३ च्या कोशातून गेले आणि स्वमग्नतेच्या विस्तृत पटात सामावले. 'मतिमंद' हा आपल्याकडचा शब्द जाऊन त्याच्या जागी बौद्धिक अक्षमता हा शब्द आला. 'स्वमग्नता' हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. १९११ च्या सुमारास स्विस वैद्य ब्लॉयलर यांनी घडविलेल्या 'ऑटिझम' या शब्दाचे हे भाषांतर. त्यावरून वाटते की मूल आपल्यातच बुडून गेले आहे, त्यास बाहेरच्या जगाची दखल नाही. प्रत्यक्षात कित्येक मुलांस बाहेरचे जग आपल्यापेक्षा अधिक तीव्रतेने जाणवते. भोंगा ऐकून पलंगाखाली शिरणारे मूल जगापासून अलिप्त कसे म्हणावे? जगाचा मारा सहन न झाल्याने ते लपते.

याच विचारातून १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्यूडी सिंगर यांच्यासारख्या लेखकांनी 'न्यूरोडायव्हर्सिटी', अर्थात मेंदूंचे वैविध्य, ही कल्पना पुढे आणली. जशी माणसांची अंगलट भिन्न, तद्वत मेंदूंची घडणही भिन्न. एका घडणीस प्रमाण मानून बाकीच्यांना मोडके ठरवू नये, असा तिचा आशय. ही कल्पना मला पटते, परंतु तिचा अतिरेकही होऊ नये. ज्या मुलास बारा वर्षांचे होऊनही बोलता येत नाही, ज्यास रात्र रात्र झोप नाही, त्याच्या आईस 'हे केवळ वैविध्य आहे' असे सांगणे म्हणजे तिच्या कष्टांची थट्टा होय. वैविध्य मान्य करावे आणि साहाय्यही द्यावे. या दोहोंत विरोध नाही.

अशी मुले अपवादात्मक आहेत असेही मानू नये. भारतातील पाच ठिकाणी केलेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांत उत्तर गोव्याचाही समावेश होता. मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचणी, श्रवण, दृष्टी व अपस्मार यांच्या अडचणी धरून, २ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे आठांत एकास अशी एखादी तरी अडचण तीत आढळली. एवढे प्रमाण असताना आपल्या गोतावळ्यात असे मूल नाही असे म्हणणाऱ्याने फक्त पाहिलेले नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. बुद्धी चांगली, बोलणे तरतरीत, पण वाचन अडखळत आणि लेखनात अक्षरांची उलटापालट, असा एखादा विद्यार्थी बहुतेक प्रत्येक वर्गात असतो. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने अशा एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. त्याच्या शिक्षकाचे म्हणणे असे होते की सर्व शिकवणे तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. आपल्याकडे २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी नेला. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून कार्य करीत आहे. आमच्या कळंबोलीहून शीवकडे जाणाऱ्या महामार्गाच्या त्या टोकाला लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांची तपासणी होते. निदानाचे प्रमाणपत्र असल्यास शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सूट अशा सवलती मिळतात. 'सवलत घेतली तर लोक काय म्हणतील' असा विचार करून ती नाकारणारे पालक आहेत. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलाने काही गैर केले असे कोणी म्हणत नाही. मग येथेच लाज कशाची?

पंचतंत्राचा उपोद्घात आपणा सर्वांस परिचित आहे. अमरशक्ती राजाचे तीन पुत्र अभ्यासास विन्मुख. व्याकरणासच बारा वर्षे लागतात असे सभेत बोलणे झाले. विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत त्यांस नीतिशास्त्र शिकविण्याचे पतकरले, आणि त्यासाठी त्याने मुले बदलली नाहीत, शिकविण्याची रीत बदलली. आपल्या वाङ्मयातील इतका गाजलेला ग्रंथ सामान्य रीतीने न शिकणाऱ्या मुलांसाठी रचला गेला असे त्याच्या कथेतच सांगितले आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आता एकत्र कुटुंबाविषयी. अशा मुलास एकत्र कुटुंब हे वरदान आहे आणि संकटही आहे. वरदान यासाठी की हात पुष्कळ असतात, आणि आईस दोन घटका विसावा मिळू शकतो. संकट यासाठी की मतेही पुष्कळ असतात, आणि सकाळी एकाने लावलेली शिस्त दुपारी दुसरा मोडतो. यास्तव निदान झाल्यावर सर्व वडीलधाऱ्यांनी एकदा एकत्र बसून वैद्यांचे म्हणणे ऐकावे आणि घराची एकच रीत ठरवावी. जेवण, स्नान, बाहेर जाणे यांच्या वेळा शक्य तो निश्चित असाव्यात; बदल होणार असेल तर तो मुलास चित्र दाखवून आधी सांगावा. पाहुण्यांच्या पाया पडण्याची अथवा मांडीवर बसण्याची सक्ती करू नये. गणपतीच्या आरतीत झांजांचा आवाज त्यास सोसत नसेल तर पलीकडच्या खोलीत बसू द्यावे. देवास त्याचा राग येत नाही. मुंजीचाही विचार असाच करावा. वाजंत्री, दोनशे माणसे, क्षौर आणि नवी टोचणारी वस्त्रे हे सर्व एका सकाळी सहन करणे अशा बटूस फार कठीण. घरच्या घरी दहा माणसांत संस्कार केला तर तो अपुरा राहत नाही. त्याच्या भावंडांकडेही लक्ष असावे. 'तू शहाणा आहेस, तू समजून घे' हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकावे लागते हे त्यांनाच ठाऊक. आणि मुलाचे निदान ऐकता ऐकता घरातील एखाद्या काकास अथवा आत्यास आपलेच बालपण ओळखीचे वाटू लागले, तर त्यास हसू नये. विशेषतः मुली आपली अडचण शिताफीने झाकतात, त्यामुळे त्यांचे निदान पुष्कळदा प्रौढपणीच होते.

लग्नाच्या प्रश्नास बगल देता येणार नाही. वर-पक्षापासून हे लपविले आणि ते नंतर कळले, तर दोष मुलाच्या स्थितीस लागणार नाही, लपविण्यास लागेल. आणि तो ऐकावा लागेल नव्या घरी गेलेल्या मुलीस. ज्या घरास भाच्याची अडचण कळताच मुलगी नकोशी होते, ते घर आधीच कळले तर बरे. आपल्यातील नामवंतांनी याबाबतीत मार्ग दाखविला आहे. लेखक अच्युत गोडबोले यांनी आपल्या 'मुसाफिर' या आत्मचरित्रात मुलाच्या स्वमग्नतेविषयी मोकळेपणाने लिहिले आणि अशा मुलांसाठी मुंबईत 'आशियाना' ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. त्यामुळे त्यांच्या घराण्याची प्रतिष्ठा उणावली असे कोणी म्हणणार नाही.

कोठे जावे, हाही प्रश्न आमच्या भागात आता अवघड राहिलेला नाही. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र शेजारच्या खारघरला आहे. स्वमग्नता मोजण्याची ४० प्रश्नांची भारतीय श्रेणी याच संस्थेने तयार केली. तीत ७० पेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे धरतात. वाशीला नवी मुंबई महानगरपालिकेचे ई. टी. सी. केंद्र आहे. जो कोणी 'हमखास बरे करून देतो' असे सांगून मोठी रक्कम मागेल, त्याच्या दारात मात्र उभे राहू नये. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. धीराने शिकविणे हाच मार्ग आहे.

शेवटचा मुद्दा आजोबांच्या वयाच्या वाचकांसाठी. 'आमच्या पश्चात याचे कसे होणार' ही चिंता ज्या घरात आहे तेथे उत्तर भावनेत शोधू नये, कागदावर शोधावे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता यांचा अंतर्भाव आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ज्यास गरज असेल त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद त्यात आहे. त्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते आणि तिचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. याच न्यासाची निरामय ही आरोग्यविम्याची योजना १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता हे दोन्ही आहेत. परंतु या सर्व दारांशी प्रथम एकच कागद मागतात, तो म्हणजे प्रमाणपत्र; आणि निदानावाचून प्रमाणपत्र नाही. मृत्युपत्रात नातवाच्या नावे जागा लिहून ठेवणारे आजोबा प्रेमळ खरेच. पण त्या जागेचा उपभोग त्यास सुरक्षितपणे घेता यावा, त्याची व्यवस्था कोणी पाहावी, हे ठरविण्याचा अधिकारही याच कागदातून सुरू होतो.

म्हणून ज्या घरी असा प्रश्न उभा असेल त्या घरातील ज्येष्ठांना माझी विनंती अशी की तपासणीची वेळ सूनबाईंनी एकटीने मागावी असे होऊ देऊ नये. वेळ आपण मागावी आणि त्या दिवशी मुलाचा हात धरून आपणही सोबत जावे. आजोबा बरोबर आले, एवढ्याने घरातील बाकीच्यांची कुजबूज आपोआप बंद होते.